सहा जणांसमोर एकटा वेताळ

"ताई, नमस्कार. मी २४ वर्षांचा, ऐरोलीला राहतो. दीड वर्षापासून दर रविवारी सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळवतोय. खेळाडू सहा, सगळे पाचव्या लेव्हलचे. नियमांचं पुस्तक २०१४ चं. गोष्ट आपल्याकडचीच रचली आहे, पारसिकचा डोंगर, खाडी, पडका वाडा. पहिला मोठा बॉस ब्रह्मराक्षस. पुस्तकातल्या तरुण हिरव्या ड्रॅगनचे आकडे जसेच्या तसे घेऊन त्याला ब्रह्मराक्षस केलं. त्याचं भाषण तीन आठवडे लिहीत होतो. दुसरं वाक्य बोलायच्या आत मंकने, म्हणजे लढवय्या भिक्षूच्या पात्राने, त्याला स्टन केलं, म्हणजे जागीच सुन्न केलं, आणि दुसऱ्या फेरीत तो मेला. सगळे हसले. मला फार लागलं ते. म्हणून पुढच्या बॉसचं, वेताळाचं, सगळं दुप्पट केलं. हिट पॉइंट दुप्पट, मार दुप्पट, आर्मर क्लास २१. तिसऱ्या फेरीत सहाच्या सहा मेले. माझी मामेबहीण विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळते, वय १६. वेताळाच्या विषारी फुंकरीवर तिला १८ पडले, सेव्ह यशस्वी झाला, तरी ती बेशुद्ध पडली. पुढच्या टर्नला वेताळाने तिच्यावरच दोन वार केले आणि ती संपली. ती रडत घरी गेली. दोन रविवार आलेली नाही. बॉसचा तोल कसा साधायचा? आणि आता हिचं काय करू?
– ऐरोलीचा डीएम"

प्रिय ऐरोलीच्या डीएमा,

तुझं पत्र वाचताना माझा जीव त्या १८ वर अडकला. त्याच्याकडे येतेच, पण त्याआधी तुझ्या ब्रह्मराक्षसाचा हिशोब मांडू, कारण तिथे तुझी चूक तुला वाटते त्याहून लहान आहे.

हा खेळ कधी न खेळलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत हा खेळ काढला. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या बाजूने खेळतो. काय घडलं ते फासे ठरवतात, मुख्यतः वीस बाजूंचा फासा. हिट पॉइंट म्हणजे किती मार सोसता येतो तो आकडा, आर्मर क्लास म्हणजे वार लागायला फाशावर बोनस धरून गाठायचा आकडा, आणि सेव्ह म्हणजे जादू किंवा फुंकरीतून बचावायला टाकलेला फासा. लेव्हल म्हणजे पात्राची पायरी, पार्टी म्हणजे खेळाडूंची टोळी. मी नौपाड्यात माझ्या घरी गेली बरीच वर्षं असं टेबल चालवते. आई शेजारच्या खोलीत झोपलेली असते, म्हणून फासे टाकायच्या स्टीलच्या ताटात पंचा अंथरलेला असतो. घोडबंदरहून येणारा आमचा एक गडी हमखास पाऊण तास उशिरा पोचतो. सांगायचा मुद्दा, तुझ्यासारख्याच रविवारांचा माझाही अनुभव आहे.

तर हिशोब. तरुण हिरवा ड्रॅगन म्हणजे चॅलेंज रेटिंग (राक्षस किती भारी, तो आकडा) ८, हिट पॉइंट १३६, आर्मर क्लास १८. पाचव्या लेव्हलच्या पार्टीसमोर आठचं रेटिंग, म्हणजे भारीच असणार असं तुला वाटलं. पण २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात लढतीचं वजन काढायची जी पद्धत दिली आहे, ती शेवटपर्यंत लावून बघ. आठच्या राक्षसाचे ३,९०० एक्सपी, म्हणजे त्याला मारल्याचे अनुभवगुण. खेळाडू सहा किंवा जास्त असतील आणि राक्षस एकटाच असेल, तर त्याला अर्ध्याने गुणायचं. झाले १,९५०. पाचव्या लेव्हलच्या सहा जणांसाठी 'सोपी' लढत १,५०० ला सुरू होते, 'मध्यम' ३,००० ला, 'कठीण' ४,५०० ला आणि 'जीवघेणी' ६,६०० ला. म्हणजे पुस्तकाच्याच हिशोबाने तुझा ब्रह्मराक्षस सोप्या गटात बसत होता. मुलं हसली ती तुझ्या लिखाणाला नव्हे. तो राक्षस खरोखरच त्यांच्यापुढे कच्चा लिंबू होता.

हे अर्धं का करायचं, हे नीट समजलं की पुढचं बरंचसं आपोआप सुटतं. एका फेरीत प्रत्येकाला एकच टर्न मिळतो. तुझ्याकडे सहा टर्न खेळाडूंचे, एक राक्षसाचा. त्या एका टर्नवर मंकने स्टन मारून पाणी ओतलं की राक्षसाच्या वाट्याला काहीच उरत नाही. मग त्याला ५०० हिट पॉइंट दे नाहीतर हजार, तो फक्त जास्त वेळ मार खात उभा राहील. बॉस तयार करताना मी पहिल्यांदा हिट पॉइंट बघतच नाही. एका फेरीत त्याला किती वेळा काही करता येतं, आणि एका वाईट फाशाने त्याचं ते सगळं करणं बंद पडतं का, एवढं आधी बघते.

यावरचा इलाज पुस्तकातच आहे, पण तो मोठ्या राक्षसांनाच दिलेला आहे. प्रौढ लाल ड्रॅगनला बघ, रेटिंग १७. त्याला फेरीत तीन लेजंडरी अ‍ॅक्शन मिळतात, म्हणजे दुसऱ्या कुणाचा टर्न संपला की लगेच काहीतरी करायची मुभा. शिवाय दिवसातून तीनदा हुकलेला सेव्ह 'जिंकला' म्हणून जाहीर करायची सोय, तिला लेजंडरी रेझिस्टन्स म्हणतात. आणि स्वतःच्या गुहेत असेल तर इनिशिएटिव्ह २० ला, म्हणजे फेरीतल्या टर्नच्या क्रमात २० या आकड्यावर, गुहाच काहीतरी करते. तरुण ड्रॅगनला यातलं काहीच नाही. तू तरुण ड्रॅगन उचललास आणि त्याला एकट्याने उभं केलंस, तिथेच लढत हातची गेली.

वेताळाला हे सगळं आपण देऊ शकतो, पण इंग्रजी ड्रॅगनचं ठिगळ लावायची गरज नाही. आपल्या आज्यांनी सांगितलेला वेताळ कधी एकटा येतच नाही. अमावास्येच्या रात्री त्याची पालखी निघते, पुढेमागे भुतं, हातात मशाली. कोकणातलं कुणी घरात असेल तर विचारून बघ. गोष्टीनेच तुला लवाजमा दिला आहे आणि तू तो डोंगराच्या पायथ्याशी सोडून आलास! मी असती तर तुझा वेताळ असा बसवला असता.

पालखीला चार भोई. प्रत्येकाला १५ हिट पॉइंट. वेताळावर कुणी स्टन किंवा जादू टाकली आणि त्याचा सेव्ह हुकला, तर एक भोई जागच्या जागी कोसळतो आणि वेताळ सुटतो. पालखी त्या बाजूला कलते. हे टेबलावर सगळ्यांना दिसलं पाहिजे, त्याची मिनी, म्हणजे छोटी मूर्ती, उचलून आडवी ठेव. लेजंडरी रेझिस्टन्सचं माझं सगळ्यात मोठं दुखणं हे होतं की खेळाडूने आपली सर्वांत मोलाची जादू टाकायची आणि डीएमने शांतपणे म्हणायचं, "नाही लागली." समोरचा चेहरा पडतो. भोई कोसळला की ती जादू फुकट गेली असं कुणालाच वाटत नाही, पालखी एका खांद्याने हलकी झालेली असते. एखाद्याच्या लक्षात येतंच की भोयांनाच आधी पाडलं तर? पाडू दे. तीन भोई गेले की चौथ्याला पालखी पेलत नाही, ती जमिनीवर येते, वेताळ पायउतार होतो आणि त्याचा आर्मर क्लास १८ वरून १५ वर येतो. लढतीचा दुसरा अंक तिथून सुरू.

लेजंडरी अ‍ॅक्शनसाठी तुझी संख्या अगदी सोयीची आहे. सहा खेळाडू, तीन अ‍ॅक्शन, म्हणजे दर दोन खेळाडूंनंतर वेताळ काहीतरी करतो. ते 'काहीतरी' दर वेळी मारच असायला हवं असं नाही. एखादी मशाल विझवतो. कुणाला पंधरा फूट ओढून आणतो. मेलेल्या भुताला उठवतो. नुसता जागा बदलतो. खेळाडूंना जाणवत राहतं की तो जिवंत आहे, तो बघतोय. इनिशिएटिव्ह २० ला खाडीवरून धुकं चढव, तेवढं पुरे.

आणि मशाली धरणारी भुतं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत 'मिनियन' नावाचा एक फार चांगला प्रकार होता, एकच हिट पॉइंट असलेले राक्षस, एक वार लागला की संपले. पाचव्या आवृत्तीने ते सोडून दिलं, मी सोडलं नाही. आठ-दहा मशालवाली भुतं ठेव, एका हिट पॉइंटची. फायरबॉलवाल्याला, म्हणजे आगीचा गोळा टाकणाऱ्याला, समाधान मिळतं, नव्या खेळाडूला आपण काही मारलं असं वाटतं आणि वेताळाला दोन फेऱ्या उसंत मिळते.

आता हिट पॉइंट. इथे तुला नवल वाटेल, पण दुसऱ्या वेळचे तुझे २७२, १३६ चे दुप्पट, चुकलेले नव्हतेच. असं कर. पुढच्या तीन साध्या लढतींत वहीच्या कडेला प्रत्येक फेरीतलं पार्टीचं एकूण नुकसान टिपून ठेव, हुकलेले वार धरून. त्याची सरासरी काढ. समजा ६५ निघाली. बॉसची लढत साधारण चार फेऱ्या चालावी असं मला वाटतं, म्हणजे २६०. सोबतीला भोई आणि भुतं असतील तर त्यांच्यावर जाणारे वार वजा करून २०० ते २२० ठेव. प्रत्येक टेबलाचं गणित वेगळं असतं, त्यामुळे पुस्तकाच्या आकड्यापेक्षा तुझ्या वहीतल्या आकड्यावर विश्वास ठेव.

आर्मर क्लास मात्र वाढवू नकोस. तुझ्या लढवय्याचा बोनस अधिक ७ असेल. आर्मर क्लास १५ असताना त्याला २० पैकी १३ आकडे चालतात, १८ असताना १०, आणि तू केलेल्या २१ ला फक्त ७. म्हणजे तो पोरगा वीस मिनिटं आपल्या टर्नची वाट बघणार, फासा टाकणार, "हुकलं" ऐकणार आणि पुन्हा वीस मिनिटं बसणार. बॉस टिकवायचा तर हिट पॉइंटने टिकव, वार लागू देत.

आणि मार. खरी नासधूस इथे झाली, आणि इथेच तुझ्या बहिणीचा १८ येतो.

मूळ ड्रॅगनची फुंकर १२ सहाबाजू फाशांची, सरासरी ४२. पाचव्या लेव्हलच्या विझर्डचे, बऱ्यापैकी प्रकृतीचा असेल तर, ३२ हिट पॉइंट. सेव्ह जिंकला तर निम्मा मार म्हणजे २१, ती उभी राहते, घाबरते, मागे सरते. सेव्ह हरला तर ४२, ती बेशुद्ध पडते, कुणीतरी धावत जाऊन तिला उठवतं. दोन्ही शक्यतांमध्ये फरक आहे, म्हणून फाशाला अर्थ आहे. तू ते दुप्पट केलंस. सरासरी ८४. आता सेव्ह जिंकला तरी ४२, ती पडते. सेव्ह हरला तर ८४ मधून ३२ गेले, उरलेले ५२ तिच्या पूर्ण हिट पॉइंटपेक्षा जास्त, म्हणजे नियमानुसार जागीच मृत्यू. सोळा वर्षांच्या मुलीने फासा हातात घेतला, फुंकर मारली असेल त्याच्यावर, टाकला, १८ आले, टेबलावर आरडाओरडा झाला असेल, आणि तू म्हणालास की तरी पडलीस. हरल्याचं दुःख मुलं पचवतात. तिला तिच्या हातून काही चुकलेलंच नसताना हरवलं गेलं.

त्यावर पडलेल्या माणसावर दोन वार. जवळून लागलेला वार क्रिटिकल धरतात, त्यात मृत्यूचे, म्हणजे बेशुद्ध पात्राने मरण टाळायला टाकायचे, दोन सेव्ह एकदम हुकतात, तीन हुकले की पात्र संपलं. नियमाप्रमाणे तू काही गैर केलं नाहीस. पण शेजारी चार जण तलवारी घेऊन उभे असताना वेताळ बेशुद्ध पोरीकडे का वळेल, हा प्रश्न त्या क्षणी तू वेताळाला विचारायला हवा होतास. काही राक्षस वळतीलही, भुकेलं जनावर पडलेल्याला ओढून नेईल. मानाची पालखी मिरवणारा वेताळ वळणार नाही.

माझा ठोकताळा असा: बॉसच्या साध्या वाराने सगळ्यात नाजूक पात्र पूर्ण ताकदीवरून एका फटक्यात पडता कामा नये. दुसऱ्याने त्याला घाम फुटावा, तिसऱ्याने पडावं. मोठा वार, फुंकरीसारखा, एका फटक्यात पाडू शकतो, पण त्याची चाहूल एक फेरी आधी द्यायची. वेताळाच्या हातातल्या दंडाची घुंगरं एकदम थांबली, मशाली हिरव्या झाल्या, तो श्वास आत ओढतोय, असं सांग आणि गप्प बस. मग बघ टेबल कसं जागं होतं. कुणी पांगतं, कुणी खांबाआड जातं, कुणी म्हणतं मी इथेच उभा राहतो पण त्याला बोलतं करतो. त्यानंतर कुणी पडलं तर ते त्याने स्वतः निवडलेलं असतं, आणि अशा पडण्याच्या गोष्टी लोक पुढे वर्षानुवर्षं सांगतात.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण माझी खात्री आहे. ब्रह्मराक्षसाच्या आधी त्या दिवशी दुसरी लढत झालीच नसेल. २०१४ च्या पुस्तकात धरलंय की दोन मोठ्या विश्रांतींच्या मध्ये सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढती होतात. आपल्या रविवारी चार ते नऊ या वेळात, मध्ये चहा आणि वडापाव धरून, एक नाहीतर दोन होतात. मग खेळाडू सगळी जादू एकाच लढतीत ओततात आणि रेटिंग खोटं ठरतं. सहा लढती कर असं मी म्हणत नाही, कुणाला एवढा वेळ आहे? पण दोन रविवार मिळून एकच दिवस धर, मध्ये झोप देऊ नकोस. वेताळ दुसऱ्या रविवारी, आणि रात्री साडेसातच्या आत आण. क्लबहाऊसचा वॉचमन नऊला दिवे बंद करायला आला की घाईत उरकलेली बॉसची लढत दोन्ही बाजूंना दगा देते.

आता एक माझं सांगते, कारण तुला ही वाट सुचणार आहे. लढत हातातून निसटतेय असं दिसलं की पडद्यामागे आकडे बदलायचे, हिट पॉइंट गुपचूप वाढवायचे. मीही केलं आहे. आमची पार्टी दुसऱ्या लेव्हलला होती, साधा ओगर, म्हणजे धटिंगण राक्षस, होता, पुस्तकात हिट पॉइंट ५९. मला तो दाराशी लढताना फार आवडला, म्हणून मी त्याला मरूच देईना. खेळ संपल्यावर सगळे गेले, एक जण मागे थांबला. चपला घालता घालता म्हणाला, "ताई, ओगरला ९६ बसले. मी मोजत होतो." मग थोडं थांबून, "पुस्तकात ओगरचे हिट पॉइंट म्हणजे सात दहाबाजू फासे अधिक एकवीस. जास्तीत जास्त ९१ होतात." त्याच्या बोलण्यात राग अजिबात नव्हता. मी गोखले रोडपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले आणि काय बोलावं ते मला सुचलं नाही. त्याने त्या लढतीत आपली शेवटची औषधाची बाटली वापरली होती, ओगर ५९ च्या आसपास पडेल या अंदाजावर. तो अंदाज बरोबर होता. मी त्याचा विचारच मोडीत काढला होता.

पुढच्या रविवारी सगळे बसल्यावर मी ते उघड सांगितलं आणि बाटली त्याला परत दिली. तेव्हापासून माझा नियम आहे. हिट पॉइंट फाशांच्या मर्यादेत काहीही असू शकतात, ओगर २८ चा असू शकतो किंवा ९१ चा, पण ते मी लढतीआधी वहीत लिहिते आणि मग हात लावत नाही. बॉसचे फासे सगळ्यांसमोर, त्याच स्टीलच्या ताटात टाकते. लढत बिघडायला लागली तर आकड्यांऐवजी गोष्टीतून दार उघडते, आणि ते दार आधीच ठरवलेलं असतं. वेताळाच्या बाबतीत ते सोपं आहे, त्याला पहाटेच्या आत परत जावं लागतं. पाचव्या फेरीला कोंबडा आरवेल हे तू वहीत आधीच लिहून ठेव. पार्टी हरत असेल तर तोपर्यंत तग धरणं हीच जीत, आणि वेताळ जाताना एखाद्याला पालखीत घालून नेईल. मेलेल्यापेक्षा नेलेला माणूस पुढच्या रविवारसाठी कितीतरी बरा.

आणि तुझी बहीण.

मोबाईलवर लिहू नकोस, घरी जा. मामींसमोर विषय काढू नकोस, तिला खाली चक्कर मारायला ने. "मी आकडे दुप्पट केले, ते चुकलं, तुझा १८ चा फासा मी वाया घालवला," एवढं तिला स्वतःच्या तोंडाने सांग. "खेळच आहे" असं चुकूनही म्हणू नकोस, तिला तो खेळाहून जास्त होता म्हणून ती रडली. यायला भाग पाडू नकोस. नवं पात्र हवं असेल तर ते कर, नकोच असेल तर तिच्या जागी दुसऱ्या कुणाला लगेच बसवू नकोस, महिनाभर खुर्ची तशीच ठेव.

पण ती विचारेलच की माझ्या विझर्डचं पुढे काय झालं. तेव्हा तिला हे सांग. त्या रात्री डोंगरावर मेलेले सहाही जण आता वेताळाच्या पालखीला जुंपलेले आहेत, दर अमावास्येला खांदा देतात, आपण कोण होतो ते विसरलेत. सहापैकी एकीला मात्र आपलं नाव अजून आठवतं, कारण फुंकर आली तेव्हा तिला १८ पडले होते. पुढचा रविवार तिच्या टर्नने सुरू होतो, ती आली तर.

– तुझी ताई